घरट्यातलं भांडण आणि खिडकीतला कॅमेरा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. तुम्ही मुलुंडला राहता. नऊ वर्षांच्या लेकीबरोबर जानेवारीपासून फ्लोरिडातल्या एका बाल्ड ईगलच्या, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकी गरुडाच्या, घरट्याचा लाइव्ह कॅमेरा बघताय. दोन पिल्लं आहेत. थोरलं धाकट्याच्या डोक्यावर सारखं टोचत असतं, आईबाप शेजारी बसून मख्खपणे बघतात आणि कॅमेरावालेही हात लावत नाहीत. लेक रडते. तुम्ही विचारलंय की हे कोणी थांबवत का नाही, तिला दाखवू की बंद करू, आणि तुमच्या सोसायटीत पाचव्या मजल्यासमोर पर्जन्यवृक्षावर घार अंड्यांवर बसली आहे तर तिच्यावर आपलाच कॅमेरा लावता येईल का.

मी धंद्याने सीसीटीव्हीवाला. भांडुप ते ठाणे पट्ट्यात सोसायट्यांना कॅमेरे लावून देतो, बावीस वर्षं झाली. घारींचा नाद त्याच्याही आधीचा. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. तुमचे प्रश्न तीन दिसतात, पण मला त्यात एकच प्रश्न दिसतो: डोळ्यांसमोर घडतंय, आपल्याला ते चोवीस तास दिसतंय, तर आपण काही करायला हवं का? तिकडे फ्लोरिडात तुम्हाला वाटतं की कोणीतरी हात घालावा. इकडे मुलुंडला तुमचाच हात शिवशिवतोय. म्हणून दोन्हींचं उत्तर एकत्रच देतो.

आधी ते भांडण. गरुड पहिलं अंडं घातल्यावर लगेच उबवायला लागतो, दुसऱ्याची वाट बघत नाही. कोंबडी सगळी अंडी झाल्यावर बसते, म्हणून तिची पिल्लं एका दिवशी निघतात. गरुडाची मात्र एक-दोन दिवसांच्या फरकाने निघतात. या वयात एका दिवसाचा फरक म्हणजे फार मोठा. थोरल्याची मान ताठ झालेली असते तेव्हा धाकट्याला डोकंही धरवत नसतं. हा निसर्गाचा विसरभोळेपणा नाही, हिशोब आहे. अन्न भरपूर असेल तर दोन्ही जगतात, टंचाई असेल तर निदान एक तरी नीट वाढतं. अर्धपोटी राहिलेली दोन पिल्लं पहिला वारा आला की दोन्ही जातात.

बाल्ड ईगलमध्ये हे टोचणं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जोरात असतं, मग ओसरतं. कॅमेरा बघणाऱ्या मंडळींनी त्याला ‘बाँकिंग’ असं लाडिक नाव ठेवलंय. बहुतेक घरट्यांत दोन्ही पिल्लं उडतात. पण सगळ्या जाती अशा नसतात. आफ्रिकेतल्या व्हेरोच्या काळ्या गरुडात दोन अंडी असतात आणि धाकटं जवळजवळ नेहमीच मरतं. व्हॅलरी गार्गेट यांनी झिंबाब्वेतल्या माटोबो टेकड्यांत एका घरट्याची नोंद केली होती: तीन दिवसांत थोरल्याने धाकट्याला १,५६९ टोचे मारले, आणि तेव्हा घरट्यात मांस पडलेलं होतं. भुकेचाही प्रश्न नव्हता. तिथे दुसरं अंडं हा विमा असतो. पहिलं फुटलंच नाही तर कामाला येतं, नाहीतर हप्ता बुडाला. म्हणून कोणत्याही घरट्याचा कॅमेरा लावण्याआधी एवढं विचारून घ्या की ही जात कोणती आणि तिच्यात धाकट्याचं काय होतं. लेकीला काळ्या गरुडापासून सुरुवात करून देऊ नका. बाल्ड ईगल निवडलात ते बरं केलंत.

आता बघायचं काय ते सांगतो, कारण टोचे मोजत बसलात तर जीव वर-खाली होत राहील. भरवतानाची पाच मिनिटं बघा. आई मासा पायाखाली दाबते, वाकते, नखाएवढा लाल तुकडा तोडते आणि मान तिरकी करून चोच पुढे करते. थोरलं उसळून पुढे येतं आणि घेतं. धाकटं घरट्याच्या कडेला तोंड खाली घालून पडलेलं असतं. ते मेलेलं नसतं, हार मानलेलीही नसते. पाठ वर, डोकं खाली, म्हणजे ‘मी नाहीच इथे’. आठ-दहा घास झाले की थोरल्याच्या गळ्याखाली लिंबाएवढा फुगवटा दिसायला लागतो. ती अन्नाची पिशवी. ती भरली की त्याला गुंगी येते, मान लोंबकळते. आणि मग कडेचं ते ‘मेलेलं’ पिल्लू सरपटत आईच्या चोचीखाली येतं. धाकटी पिल्लं हे दोन-तीन दिवसांत शिकतात. तुम्ही टोचे नका मोजू, संध्याकाळी धाकट्याच्या गळ्याखाली फुगवटा आहे का ते बघा. असेल तर निवांत झोपा. सलग दोन दिवस नसेल, तर मात्र लेकीला तयार करायला लागा.

वेळ तुमच्या सोयीची आहे. हिवाळ्यात फ्लोरिडा आपल्या साडेदहा तास मागे असतं, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच ही तिथली सकाळचे सातची न्याहारी. शाळेतून येऊन दूध पिता पिता बघता येतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर त्यांची घड्याळं पुढे जातात, मग तासभर आधी. आणि एक काम आजच करा: बाजूला पळणारी चॅट बंद करा. निम्मं रडू पिल्लामुळे नसतं, त्या चॅटमुळे असतं. तिथे दर मिनिटाला कोणीतरी ‘अरेरे, गेलं गेलं’ करत असतं आणि पिल्लू नुसतं झोपलेलं असतं.

हात घालण्याबद्दल. इथे मी ठाम ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणार नाही, कारण ते खरंच परिस्थितीवर आहे. अमेरिकेत गरुडांसाठी १९४० पासून वेगळा कायदा आहे. परवानगीशिवाय घरट्याला हात लावणं हा कॅमेरा चालवणाऱ्यांसाठीसुद्धा गुन्हा आहे. ढोबळ रिवाज असा की माणसामुळे इजा झाली असेल, म्हणजे मासेमारीची तंगूस पायात गुंतली वगैरे, तर मदत करायची. भावंडांचं भांडण, उपासमार, थंडी, घुबडाचा हल्ला यात पडायचं नाही. पण रिवाज म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. फ्लोरिडातलंच फोर्ट मायर्सजवळचं हॅरिएट आणि एम१५ या जोडीचं घरटं घ्या. २०२१ मध्ये तिथल्या दोन्ही पिल्लांचे डोळे संसर्गाने चिकटले, तेव्हा रीतसर परवानगी काढून ती खाली आणली, काही दिवस दवाखान्यात उपचार केले आणि परत घरट्यात ठेवली. दोन वर्षांनी त्याच घरट्यात उलटं झालं. सप्टेंबर २०२२ च्या इयन वादळाने घरटं उडवलं, जोडीने ते पुन्हा उभं केलं, आणि फेब्रुवारी २०२३ च्या सुरुवातीला मादी हॅरिएट एकदा उडून गेली ती परत आलीच नाही. महिन्याभराची दोन पिल्लं मागे. लोकांनी गहजब केला की आता तरी मासे नेऊन टाका. कोणी टाकले नाहीत. एम१५ने एकट्याने दोन्ही वाढवली, दोन्ही उडाली.

हात घातल्यावर नेहमी बरंच होतं असंही नाही. २०१४ मध्ये मिनेसोटा राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या कॅमेऱ्यावर एक पिल्लू हालचाल करेनासं झालं. खात्याने आधी सांगितलं, आम्ही पडणार नाही. मग फोन, ईमेल, वर राजकारणी. शेवटी पिल्लाला खाली काढलं. पंख मोडलेला, संसर्ग अंगभर पसरलेला. दयामरण द्यावं लागलं. लोकांनी त्याचं ‘स्नॅप’ असं नावही ठेवून टाकलं होतं. माझं मत विचाराल तर नाव ठेवणं तिथेच नडतं. फोर्ट मायर्सवाले पिल्लांना ई२१, ई२२ असे नंबर देतात ते मला शहाणपणाचं वाटतं. अर्थात लेक नाव ठेवणारच. माझ्या पुतण्याने एका घारीचं नाव ‘सुलोचना’ ठेवलं होतं, आणि तो नर होता.

आणि कधी कधी हात घालणं हाच शास्त्रीय निर्णय असतो. जर्मनीत ब्रांडेनबुर्ग भागात लेसर स्पॉटेड ईगल या जातीचे गरुड इतके कमी उरलेत की ज्या धाकट्याचं मरण ठरलेलं असतं ते अभ्यासक उचलून नेतात, दुसरीकडे वाढवतात आणि भावंडाचा राग ओसरण्याच्या वयात घरट्यात आणून सोडतात. मग तिथे चालतं आणि फ्लोरिडात का नाही? कारण तिथे एकेका पिल्लावर जात टिकण्याचा प्रश्न आहे. फ्लोरिडात गरुडांची संख्या चांगली आहे. एका घरट्याकडे बघून हे ठरवता येत नाही. कॅमेऱ्याच्या चौकटीत सहा फुटांचं घरटं दिसतं, ते पोसणारं मैलोन्‌मैल पाणी दिसत नाही. मासे मिळतायत का, शेजारची जोडी त्रास देतेय का, बाप तीन तास कुठे होता, हे सगळं चौकटीबाहेर.

आपली म्हण आहे ना, घार फिरते आकाशी, लक्ष तिचे पिलापाशी. म्हण सुरेख आहे, पण अंडी आणि लहान पिल्लं असताना आकाशात फिरणारी ती घार बहुतेक वेळा बाप असतो. आई खाली घरट्यात रुतून बसलेली असते, आणि तो उंदीर, कोंबडीची आतडी, बाजारातलं माशाचं डोकं असं आणून देतो. दोघं दिसायला सारखीच असल्यामुळे आपल्याला वाटतं एकच पक्षी येतोय-जातोय. तुमच्या खिडकीतून हे ओळखायचं असेल तर जरा मोठी, सारखी बसून असणारी ती मादी. शिकारी पक्ष्यांत मादी नराहून मोठी असते.

इथून तुमच्या घारीकडे येतो. आधी माझ्या हातून झालेली चूक सांगतो, म्हणजे पुढचं पटेल.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका सोसायटीत पाण्याच्या टाकीला लागून एक जुना पिंपळ होता, त्याच्या फांदीवर घारीचं घरटं. गच्चीवरून हात पुरेल इतकं जवळ. फेब्रुवारी महिना, मादी अंड्यांवर. मी तिथे टाकीवर कॅमेरा बसवायला गेलोच होतो, म्हटलं एक बुलेट कॅमेरा घरट्याकडे पण फिरवू. धंद्याचा माणूस, पाच मिनिटांचं काम. ड्रिल लावली, मादी उठली. वायर ओढली, फोकस केला, डीव्हीआरवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या डब्यावर, चित्र आलं की नाही बघायला खाली गेलो, परत वर आलो, जरा कोन बदलला. मादी समोरच्या मोबाइल टॉवरवर बसून ती बारीक कापरी शीळ घालत होती. मला वाटलं, आहे की इथेच, येईल. चाळीस मिनिटं गेली. मी खाली उतरलो आणि घरी येऊन रेकॉर्डिंग लावलं. त्या कॅमेऱ्याने टिपलेलं पहिलं चित्र म्हणजे दोन कावळे. एक घरट्याच्या काठावर उभा राहून इकडेतिकडे बघतोय, दुसऱ्याने अंडं चोचीने फोडलंय आणि पिवळं बलक काटक्यांवरून ओघळतंय. मादी आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती रिकाम्या वाटीत बसली, उठली, पुन्हा बसली. दोन दिवस येत राहिली. ते फुटेज मी डीव्हीआरवर पुसलं, पण आधी एका हार्ड डिस्कवर घेऊन ठेवलंय. नवीन पोरगा कामाला लागला की त्याला दाखवतो.

म्हणून नियम असा: घरट्यावर, झाडावर, फांदीवर, घरट्याजवळच्या भिंतीवर कॅमेरा लावायचा तर घरटं रिकामं असताना. मुंबईत घारी थंडीत काटक्या गोळा करायला लागतात, म्हणजे दिवाळीच्या आसपास कॅमेरा लावून मोकळं व्हायचं. जोडी बहुतेक त्याच जागी किंवा त्याच झाडावर परत येते, कॅमेरा तिला फांदीसारखा सवयीचा होतो. अंडी पडल्यावर नाही, पिल्लं असताना नाही, ‘फक्त जरा कोन बदलायचाय’ म्हणूनही नाही. परदेशातले ते सगळे सुंदर कॅमेरे असेच घरटं रिकामं असताना चढवलेले असतात. मधेच बिघडला तर महिनोन्‌महिने बिघडलेलाच राहतो, दुरुस्तीला कोणी झाडावर चढत नाही. हे नुसतं सौजन्य नाही, कायदाही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं येतं. माझ्या त्या चाळीस मिनिटांना कायद्याच्या भाषेत शिकार म्हणतात.

तुमच्याकडे मात्र एक सोय आहे. घरटं खिडकीसमोर आहे, त्यामुळे कॅमेरा घरातच ठेवता येईल. बाहेर एक खिळाही ठोकायचा नाही. अंतर किती ते तुम्ही लिहिलं नाहीत. दहा-बारा मीटर धरून चालतो. नेहमीच्या सोसायटीछाप कॅमेऱ्याने या अंतरावरून झाड दिसेल, घरट्याच्या जागी एक काळा गोळा. पंचवीस पट ऑप्टिकल झूमचा पीटीझेड, म्हणजे लांबून फिरवता आणि झूम करता येणारा कॅमेरा, असेल तर चोचीतला घास दिसतो, पण तो महाग. एवढा खर्च नको असेल तर दुर्बिणीच्या भिंगाला मोबाइल जोडायची क्लिप मिळते, ट्रायपॉडवर बसवा आणि रोज संध्याकाळी अर्धा तास बघा. लेकीसाठी ते जास्त मजेचं होईल. डिजिटल झूमच्या जाहिरातीला भुलू नका, तो नुसता चित्र ताणतो.

बसवताना चार गोष्टी. पहिल्या दिवशी पडदा ओढून घ्या आणि पडद्याच्या फटीतून भिंग काढा. घारीला कॅमेऱ्याचं काही नसतं, तिला माणसाच्या चेहऱ्याचं आणि रोखून बघण्याचं असतं. खिडकी बंद ठेवून काचेतून चित्र घेत असाल तर कॅमेऱ्याची रात्रीची आयआर लाइट (अंधारात दिसावं म्हणून असलेला, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) बंद करा, नाहीतर ती काचेवर आपटून परत येते आणि सगळं पांढरं दिसतं. तशीही तिची गरज नाही, घार रात्री झोपते. घुबडाचं घरटं असतं तर गोष्ट वेगळी. माइक बंद ठेवा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या घरट्याच्या कॅमेऱ्यावर घारीपेक्षा त्याच्या सासूबाईंचं फोनवरचं बोलणं जास्त रेकॉर्ड झालं होतं.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि कोणी विचारात घेत नाही: घरट्याच्या मागे काय आहे? मुंबईत घरट्यामागे आकाश नसतं, समोरची विंग असते. तुमचा झूम कॅमेरा तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी बेडरूमकडे बघतोय अशी तक्रार कमिटीकडे जाईल, आणि ती तक्रार रास्तच असेल. प्रत्येक बऱ्या कॅमेऱ्यात प्रायव्हसी मास्क असतो. घरटं सोडून बाकी चौकट काळी करून टाका. आणि लावायच्या आधी समोरच्या लोकांना बोलवून स्क्रीन दाखवा. पुढे तेच तुमच्या घारीचे राखणदार होतात, हा माझा अनुभव.

यूट्यूबवर सगळ्यांना खुला लाइव्ह करावा का? मी म्हणेन, यंदा नको. घरापुरता किंवा ओळखीच्यांपुरता ठेवा. खुला केलात तर पत्ता, सोसायटीचं नाव, ओळखू येईल अशी पाटी चौकटीत येऊ देऊ नका. घारीला चोर नसतात, पण हौशी फोटोवाले आणि ड्रोनवाले असतात. ड्रोन म्हणजे तिच्या दृष्टीने दुसरा शिकारी पक्षी. त्याच्यावर झेपावताना ती स्वतःचे पंख कापून घेते. शिवाय खुल्या कॅमेऱ्यावर काही भयानक घडलं की लोकांचा दबाव तुमच्यावर येईल. तो झेलायला मिनेसोटाचं अख्खं खातं कमी पडलं होतं.

घरट्यात काय दिसेल? काटक्या, आणि त्यात कचऱ्याचं सगळं प्रदर्शन. मी रिकाम्या झालेल्या घरट्यांतून केबलचे तुकडे, ओळखपत्राची पट्टी, फडकी, एक हातमोजा, आणि २०२१ च्या हंगामानंतर एकाच घरट्यातून पाच मास्क काढलेत. हे गबाळेपण नसतं बरं का. स्पेनमधल्या दोन्यानामध्ये घारींवर झालेल्या एका अभ्यासात, २०११ मध्ये प्रसिद्ध झाला तो, असं दिसलं की घारी पांढरं प्लास्टिक मुद्दाम आणून घरटं सजवतात, आणि ज्या जोड्या ताकदवान असतात त्या जास्त सजवतात. बाकीच्या घारींसाठी ती पाटी असते: इथे यायच्या भानगडीत पडू नका. लेकीला सांगा, रोज नवीन काय आणलं ते वहीत लिहायचं. वही हा माझा हट्ट आहे. तारीख, वेळ, कोणी आणलं, काय आणलं, कोणाच्या गळ्याखाली फुगवटा. लिहिणारं मूल कमी रडतं, हे मी तीन-चार घरांत बघितलंय. का ते मला सांगता यायचं नाही.

तिला दाखवावं का, याचं उत्तर यातच आलं असं मला वाटतं. दाखवा, पण एकटीला नको आणि दिवसभर नको. पिल्लू मेलं तर ‘झोपलंय’ म्हणू नका, पुढच्या वेळी झोपलेलं पिल्लू बघूनही ती घाबरेल. आईबाप मेलेलं पिल्लू कधी उचलून नेतात, कधी घरट्यातच दाबून टाकतात, कधी दुसऱ्याला भरवतातही. तेही दिसू शकतं. २०१६ मध्ये पिट्सबर्गच्या एका घरट्यात गरुडांनी पिल्लांना चक्क मांजर आणून भरवलं, तेव्हा मोठी माणसं हवालदिल झाली होती. तुमच्या घरी मांजर असेल तर हे आधीच कानावर घालून ठेवा. कॅलिफोर्नियातल्या बिग बेअरला जॅकी आणि शॅडो या जोडीची २०२४ मध्ये तीन अंडी फुटलीच नाहीत, दोघं आळीपाळीने बसून राहिले. २०२५ मध्ये तीन पिल्लं निघाली, त्यातलं एक मार्चमधल्या हिमवादळात गेलं, दोन जूनमध्ये उडाली. असे दोन हंगाम सलग बघितले की मुलांना आपोआप हिशोब कळतो. बाकी जूननंतर, पावसात घारी नसतात तेव्हा, सिडनीचा समुद्री गरुडाचा कॅमेरा लावा. पांढऱ्या पोटाचा तोच पक्षी आपल्या कोकण किनाऱ्यावर घरटी करतो. सिडनी आपल्या साडेचार तास पुढे, त्यामुळे सकाळची शाळा नसलेल्या दिवशी नाश्त्याला त्यांची दुपार दिसते.

आता तुमच्या घारीचं येत्या तीन महिन्यांचं. अंडी बहुधा दोन किंवा तीन, उबवण साधारण महिनाभर, मग पिल्लं उडायला आणखी दीड ते दोन महिने. म्हणजे मे महिना. या काळात दोन संकटं नक्की येतील आणि ती कॅमेऱ्यावर बघत बसायची नाहीत, तिथे खरंच काहीतरी करायचंय.

पहिलं, फांद्यांची छाटणी. पावसाळ्याआधी सोसायट्यांना छाटणीचं सुचतं आणि नेमकी तेव्हा पिल्लं घरट्यात असतात. १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या कायद्याप्रमाणे महापालिकेची परवानगी लागते. कमिटीने अर्ज केला असेल तर त्याच अर्जावर ‘या फांदीवर चालू घरटं आहे’ असं लिहून फोटो जोडायला लावा. आज लिहा, मे उजाडू देऊ नका. परवानगी हातात आल्यावर कंत्राटदाराचा माणूस कोयता घेऊन वर असतो, तेव्हा बोलून उपयोग नसतो.

दुसरं, गच्ची. वाळवणं घालायचा आणि घारी चिडायचा मोसम एकच. पिल्लं असताना मादी गच्चीवर येणाऱ्याच्या डोक्यावर मागून झेपावते, नखं लागतात. कमिटीवर कोणीतरी म्हणणारच, घरटं काढून टाका. त्यांना सांगा, सहा-सात आठवडे गच्चीच्या दारात दोन जुन्या छत्र्या ठेवा, उघडी छत्री घेऊन फिरा. ती पाठीमागून येते, छत्रीवर झेपावत नाही. कुरडया दुसऱ्या विंगच्या गच्चीवर.

पिल्लू खाली पडलं, तर आधी बघा पिसं पूर्ण आली आहेत का. आली असतील आणि जखम नसेल तर ते उडायला शिकतंय. कुत्र्या-मांजरापासून दूर, सावलीत, उंचशा जागी ठेवा, आईबाप तिथे येऊन भरवतात. जखमी किंवा कोवळं असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा. परळचं बैलघोडा हॉस्पिटलही पक्षी घेतं. चोच उघडून पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. दूध-पाव तर अजिबात नको. आजीबाई प्रेमाने दूध-पाव भरवतात आणि मी तीन घारी त्यापायी गेलेल्या पाहिल्या आहेत.

तूर्तास कॅमेरा राहू द्या. उद्या सकाळी सात ते आठ पडद्याआडून नुसतं बघा आणि नर किती वेळा येतो ते लेकीला मोजू द्या. एकदा तरी आला, मादी उठली आणि तो अंड्यांवर बसला, तर जोडी ठीक आहे. अंतर किती आणि खिडकीला ग्रिल कसली आहे ते इथे लिहा, मग कोणतं भिंग लागेल ते सांगतो. पुढच्या हंगामासाठी नीट लावायचा असेल तर दिवाळीच्या आधी आठवण करा. मुलुंडला तसंही माझं येणं असतं.